कारण विचारू नका, परिस्थिती बदलून बघा

नाशिकच्या कुठल्याही मंगल कार्यालयात स्टेजच्या एका बाजूला वही-पेन घेऊन एक माणूस बसलेला असतो. बहुतेक वेळा घरातलाच, हिशोबाला चोख, अक्षर बरं असलेला. पाकीट हातात आलं की तो नाव, गाव आणि रक्कम लिहितो : ५०१, १,००१, २,१०१. लग्न उरकलं की ही आहेराची वही कपाटात जाते, आणि चार-पाच वर्षांनी त्याच पाहुण्यांकडची पत्रिका आली की पुन्हा बाहेर येते. "त्यांनी आपल्या वेळी किती केला होता?" पाचशे एक असेल तर आपण निदान तेवढा करायचा, मधली महागाई धरून थोडा वर.

आहेर करणाऱ्याला विचारा, का करता? उत्तर येईल : आनंदाने, आशीर्वाद म्हणून. हे उत्तर खोटं नाही. पण रक्कम आनंदावर ठरत असती तर वही लागलीच नसती. भाचीच्या लग्नाचा आनंद वाटतोच, मात्र पाकिटात किती घालायचे हे ठरतं जुन्या देण्यावरून. इथे एकाच कृतीची दोन कारणं आहेत. एक सांगायचं, एक ठरवणारं. आपण दिवसभर जे करतो त्यात अशी जोडी जागोजागी सापडते, आणि दुसरं कारण बऱ्याचदा स्वतःच्या सोयीचं असतं : नाव, पत, परतफेडीची हमी, दोष टाळणं, गटात आपली जागा पक्की करणं.

रॉबर्ट ट्रिव्हर्स या जीवशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये याचा पाया मांडला. नात्यात नसलेल्या दोघांनी एकमेकांना मदत करणं निसर्गात टिकतं कसं? तर आज मी, उद्या तू, असा व्यवहार पुन्हा पुन्हा होणार असेल आणि न फेडणाऱ्याला ओळखून वगळता येत असेल, तर. आहेराची वही म्हणजे न फेडणारा लक्षात ठेवायची सोय. पण एक गंमत पाहा. कोणी आहेर केल्यावर दुसऱ्याच दिवशी तेवढेच पैसे परत नेऊन दिले तर तो अपमान ठरतो. हिशोब फिटला म्हणजे संबंध संपला, असा त्याचा अर्थ होतो. परतफेड हवी, पण उशिराने हवी, आणि तिला परतफेड म्हणायचं नाही. हेतू झाकलेला असणं हाच इथे व्यवहाराचा भाग आहे. म्हणून पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असं छापलं तरी बरेच पाहुणे पाकीट खिशात ठेवूनच येतात. न दिल्याची नोंद कुठेतरी राहील, ही धास्ती छापील ओळीने जात नाही.

आता मुख्य अडचण. खरं कारण त्या माणसाला विचारून का कळत नाही? तो लपवतो म्हणून? बहुतेक वेळा त्यालाही ते माहीत नसतं.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये एका दुकानात नायलॉनच्या पायमोज्यांच्या चार जोड्या मांडल्या आणि गिऱ्हाइकांना विचारलं, सगळ्यांत चांगली कोणती? ५२ जणांनी निवड केली. डावीकडून उजवीकडे मतं पडली १२, १७, ३१ आणि ४० टक्के. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. म्हणजे निवड ठरली ती जागेवरून. पण कारण विचारल्यावर लोकांनी विणकाम, पोत, कारागिरी अशी उत्तरं दिली. "उजवीकडे होती म्हणून" असं एकानेही म्हटलं नाही, आणि सुचवल्यावर बहुतेकांनी ते साफ नाकारलं. हा अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच दशकात मायकेल गझॅनिगा आणि त्यांचे सहकारी मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा मज्जातंतूंचा पट्टा शस्त्रक्रियेने कापलेल्या रुग्णांचा अभ्यास करत होते. ही शस्त्रक्रिया गंभीर अपस्मारावर, म्हणजे फिट्सवर, करत. अशा एका मुलाच्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पंजा दाखवला आणि उजव्या मेंदूला बर्फाने भरलेलं अंगण. मग समोरच्या चित्रांतून जुळणारं निवडायला सांगितलं. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने फावडं. फावडं बर्फ उपसायला, हे उघड आहे. पण बोलणारा असतो डावा मेंदू, आणि त्याने बर्फ पाहिलेलाच नव्हता. फावडं का, असं विचारल्यावर मुलगा क्षणभरही अडला नाही. कोंबडीचं खुराडं साफ करायला फावडं लागतं, म्हणाला.

बोलणारं मन हे पक्षाच्या प्रवक्त्यासारखं असतं. बैठकीत काय ठरलं हे त्याला नेहमी माहीत नसतं, पण पत्रकारांसमोर पटेल असं कारण देणं हे त्याचं काम, आणि तो ते मनापासून करतो. ट्रिव्हर्स यांनी १९७६ मध्ये आणखी पुढचं सुचवलं : जो स्वतःला आधी फसवतो तो दुसऱ्याला जास्त सहज पटवतो, कारण खोटं बोलताना होणारी चलबिचल त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. थोडक्यात, आपला स्वार्थ आपल्यापासून झाकलेला राहण्यात आपलाच फायदा असू शकतो.

म्हणून कारण विचारत बसण्याऐवजी परिस्थितीतली एक गोष्ट बदलायची आणि वागणं बदलतं का ते बघायचं. तीन बदल सर्वांत उपयोगी पडतात.

पहिला, बघणारा काढून टाका. हे काम कोणालाही, कधीही, कळणार नसेल तर मी ते करीन का, आणि इतकंच करीन का? दुसरा, करणारा बदला. जे व्हायला हवं ते झालं, पण माझ्याशिवाय झालं. मला बरं वाटलं की डावलल्यासारखं? तिसरा, गरजेचं माप बदला. गरज दहापट झाली तर माझी मदत बदलते का?

तिसऱ्याबद्दल एक नमुना सांगतो. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांना विचारलं गेलं की तेलाच्या उघड्या डबक्यांत पडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला, डबक्यांवर जाळ्या टाकायला, तुम्ही किती पैसे द्याल. एका गटाला सांगितलं २,००० पक्षी, दुसऱ्याला २०,०००, तिसऱ्याला २ लाख. सरासरी उत्तरं आली ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट झाले, पैसे जागच्या जागी. डोळ्यांसमोर येणारा एक भिजलेला पक्षी मनातून उतरवायला जेवढे लागतात तेवढे पैसे लोक देतात. निफाड तालुक्यातल्या नांदूरमधमेश्वरच्या पाणथळीसाठी उद्या कोणी वर्गणी मागितली, तर पावती फाडण्यापूर्वी "किती पक्षी, किती हेक्टर, कशावर खर्च" हे आपण विचारतो का, यावरून बरंच कळेल.

देणगीचा विषय निघालाच आहे तर गोदाघाटावर जाऊ. रामकुंडाच्या जवळ १७४७ मध्ये बांधलेलं एक देखणं शिवमंदिर आहे. देव रामेश्वर. पण नाशिककर त्याला काय म्हणतात? नारोशंकराचं मंदिर. बांधणाऱ्या सरदाराचं नाव, नारोशंकर राजेबहादूर, देवाच्या नावावर चढून बसलं आणि पावणेतीनशे वर्षांनीही उतरलं नाही. यात सरदाराची भक्ती खोटी ठरत नाही. इतकंच दिसतं की दान आणि नाव ही दोन कामं एकाच दगडात होतात, आणि लोक नाव लक्षात ठेवतात. आजच्या मंदिरातली फरशी, पंखा, पाण्याची टाकी पाहा. "यांच्या स्मरणार्थ". पंख्याच्या पात्यावर नाव असतं. पण विजेचं बिल, झाडलोट, शौचालयाची साफसफाई यांना देणगीदार मिळता मिळत नाही, कारण त्यावर नाव लिहायला जागा नाही. एखाद्या ट्रस्टकडे वस्तू साचतात आणि रोजच्या खर्चाला पैसे नसतात, त्याचं कारण बरेचदा इथे सापडतं.

इस्राएलचे प्राणिशास्त्रज्ञ अमोत्झ झहावी यांनी हाच धागा पक्ष्यांमध्ये पकडला. आपल्याकडे बागेत टोळीने कलकलाट करणारे सातभाई दिसतात ना, त्यांचे वाळवंटातले भाऊबंद झहावी वर्षानुवर्षं पाहत होते. त्यांच्यात एक पक्षी उंच बसून पहारा देतो आणि बाकीचे निवांत खातात. वरून त्याग वाटतो. पण झहावींना दिसलं की पहाऱ्याच्या जागेसाठी पक्षी स्पर्धा करतात, आणि वरचढ पक्षी खालच्याला हटवून स्वतः पहाऱ्याला बसतो. त्यांचा अर्थ असा : "मला हे परवडतं" असं टोळीला दाखवणं हाच मोबदला. सगळे संशोधक हे मानत नाहीत. ज्याचं पोट भरलेलं असतं तो पहाऱ्याला बसतो, इतकंच आहे, असं काहींच्या निरीक्षणातून निघालं. पण महागडी खूणच विश्वासार्ह असते, हा झहावींचा १९७५ मधला मुद्दा आज जीवशास्त्रात बराच मानला जातो, आणि पाहुण्यांपुढे वाजवीपेक्षा जास्त ताटं मांडणाऱ्या घरालाही तो लागू पडतो.

आता सगळ्यांत जास्त नुकसान करणारी जागा : दवाखाना.

"अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा डॉक्टर." ही मागणी ऐकली नाही असा जनरल प्रॅक्टिशनर जिल्ह्यात सापडणं कठीण. बाटलीत असतं काय? साध्या सलाईनच्या ५०० मिलि बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ, बाकी पाणी. पाच टक्के डेक्स्ट्रोज असेल तर २५ ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. उलट्या थांबत नसतील, शरीरातलं पाणी फार गेलं असेल, रक्तदाब उतरला असेल, तोंडाने काही जात नसेल, तर हीच बाटली जीव वाचवते. पण जो माणूस पिऊ-खाऊ शकतो त्याला त्यातून मिळणारं सगळं ओआरएसच्या पाकिटातून किंवा भाताच्या मीठ घातलेल्या पेजेतून मिळतं. बिघडू काय शकतं? सुईची जागा सुजते, तिथे जंतुसंसर्ग होतो, आणि हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात पाणी साचू शकतं.

मग मागणी का होते? कारण बाटली दिसते. नातेवाईक उशाशी बसून थेंब मोजू शकतात. "आम्ही काही कमी पडू दिलं नाही" हे भावकीला दाखवता येतं, स्वतःलाही. डॉक्टरचंही एक कारण असतं : नाही म्हटलं तर पेशंट समोरच्या दवाखान्यात जाईल. रुग्णाची प्रकृती, नातेवाइकांची काळजी दाखवण्याची गरज आणि डॉक्टरची गिऱ्हाईक टिकवण्याची गरज, या तिघांपैकी बाटली शेवटच्या दोघांना नक्की लागू पडते.

उपचार जास्त म्हणजे प्रकृती जास्त चांगली, हे गृहीतक मोठ्या प्रमाणावर तपासलं गेलं आहे. अमेरिकेत १९७४ ते १९८२ या काळात रँड या संस्थेने हजारो लोकांना चिठ्ठी टाकल्यासारखं वेगवेगळ्या विमा योजनांत वाटलं. काहींना सगळे उपचार फुकट, काहींना खर्चाचा वाटा स्वतःचा. फुकट मिळालेल्यांनी उपचार ठळकपणे जास्त घेतले, पण सरासरी माणसाच्या प्रकृतीत म्हणावा असा फरक निघाला नाही. अपवाद महत्त्वाचे आहेत आणि ते गाळून ही गोष्ट सांगणं चूक ठरेल : गरीब आणि आधीच आजारी लोकांना, विशेषतः रक्तदाब वाढलेल्यांना, फुकट उपचारांचा खरा फायदा झाला. तेव्हा यातून "दवाखान्यात जाऊ नका" असा अर्थ काढू नये. रक्तदाबाची रोजची गोळी कोणाला दिसत नाही, तिच्यात प्रेम दाखवण्यासारखं काही नाही, म्हणून ती बंद पडते. खरी कीड तिथे आहे.

काय करता येईल? दवाखान्यात चार प्रश्न कागदावर लिहून न्या : हे केल्याने नेमकं काय सुधारेल, न केल्यास काय होईल, तोंडाने घेण्याचा पर्याय आहे का, धोका कोणता. आणि काळजी दाखवण्याची गरज दाबायला जाऊ नका, ती कामाला लावा. भेटायला येणाऱ्या पंधरा जणांना शहाळी आणू देण्यापेक्षा एकाला दुपारी दोन ते सहा बसायला सांगा, एकीला रात्रीचा डबा, एकाला रिपोर्ट आणण्याचं काम. काम मिळालं की माणसं खुशीने करतात. गर्दी कमी होते, रुग्णाला झोप मिळते, आणि "मी होतो" हे प्रत्येकाला म्हणता येतं.

स्वार्थ म्हणजे फक्त मिळवणं, असं समजू नये. दोष टाळणं हा त्याचा सगळ्यांत शांत प्रकार आहे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, अवेळी पाऊस झाला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने ब्लोअर, म्हणजे फवारणीची यंत्रं, सुरू होतात. पाऊस, ओली पानं, कोवळी फूट, अशा वेळी फवारणी टाळणं महागात पडतं, यात शंका नाही. पण ऊन पडल्यावर, पानं कोरडी असताना, शेजारच्या प्लॉटमध्ये आवाज आला म्हणून काढलेली फेरी? विचारलं तर उत्तर रोगाचं येतं. खरं गणित असं असतं : सगळ्यांनी फवारलं आणि सगळ्यांचं गेलं तर निसर्गाने नेलं. मी एकट्याने नाही फवारलं आणि माझं गेलं तर घरात आणि पारावर मीच दोषी. या विम्याचा हप्ता जादा औषध, डिझेल, काढणीच्या वेळी मालात सापडणारा औषधाचा अंश आणि औषधाला न जुमानणारा रोग यांतून भरावा लागतो.

इथे बघणारा काढून टाकायची रीत सोपी आहे. सकाळी सहा-साडेसहाला, बांधापलीकडे काय चाललंय ते पाहण्याआधी, प्लॉटच्या पाच ठिकाणची पानं उलटून पाहा. खालच्या बाजूला पांढरी बुरशी, वर तेलकट डाग आहेत का? पान किती तास ओलं होतं? पुढच्या दोन दिवसांचा अंदाज काय? फूट कोणत्या अवस्थेत आहे? डायरीत "हो" किंवा "नाही" लिहा. मग शेजाऱ्याकडे पाहा. निर्णय बदलला तर का बदलला तेही लिहा. शेजाऱ्याला रोग दिसला म्हणून बदलला तर ती माहिती आहे. नुसता आवाज ऐकून बदलला तर ती धास्ती आहे. हंगामाच्या शेवटी धास्तीच्या फेऱ्या मोजता येतात.

न्याय्य वागण्याचंही असंच. मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सांगितलं की एक काम बक्षिसाचं आहे, एक कंटाळवाणं. तुम्हाला कोणतं आणि दुसऱ्याला कोणतं, तुम्हीच ठरवा. हवं तर नाणं उडवा. खोलीत कोणी नव्हतं. ज्यांनी नाणं उडवलं त्यांच्यापैकीही सुमारे ९० टक्क्यांनी चांगलं काम स्वतःला घेतलं. नाण्याने इतक्यांच्या बाजूने कौल देणं शक्य नाही. छाप-काट्याचा अर्थ नंतर फिरवला गेला, किंवा कौल विसरला गेला, आणि तरीही यातले बरेच जण आपण न्यायाने वागलो असं म्हणत होते. पुढच्या प्रयोगात नाण्यावरच कोणती बाजू कोणाची हे लिहून दिलं, तरी फरक पडला नाही. समोर आरसा ठेवला तेव्हा मात्र नाणं उडवणाऱ्यांचा पक्षपात गेला.

सोसायटीच्या पार्किंगच्या चिठ्ठ्या आठवा. "सोयीनुसार वाटप", "आधी राहायला आलेल्यांना प्राधान्य", "मोठ्या गाडीला मोठी जागा" हे नियम बैठकीत कोण मांडतो आणि त्याला कुठली जागा मिळते, हे जुन्या इतिवृत्तात जुळवून पाहा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण याच कारखान्यातून निघाली आहे. उपाय तांत्रिक आहेत : नियम आधी लिहून सह्या घ्या, मग चिठ्ठ्या काढा. चिठ्ठी लहान मुलाने काढावी, सर्वांसमोर वाचावी. "पुन्हा एकदा काढू" हा पर्याय नियमातच बंद करा, कारण पुन्हा काढण्याची सूचना नेहमी कोपऱ्यातली जागा मिळालेल्याकडूनच येते.

आता एक इशारा, आणि तो या सगळ्याइतकाच महत्त्वाचा आहे. हे ज्ञान हातात आलं की पहिला मोह होतो शेजाऱ्यावर वापरण्याचा. "तू हे नावासाठी करतोस." एका कृतीवरून कोणाचा हेतू ठरवता येत नाही. हेतू मिसळलेले असतात, आणि तीन चाचण्या बाहेरून घेता येत नाहीत. दुसरी चूक तर्कातली : "सगळंच शेवटी स्वार्थ". आईने मुलासाठी जागरण केलं तर म्हणे तिला समाधान मिळतं, म्हणून स्वार्थ. ज्या विधानाला कुठलीच घटना खोटं ठरवू शकत नाही, ते काहीच सांगत नाही. शिवाय इथे दोन पातळ्यांची गल्लत होते. माया उत्क्रांतीत का टिकली याचं उत्तर जनुकांच्या फायद्यात असेल. पण जागणाऱ्या आईच्या मनात जनुकं नसतात, मूल असतं.

याचाही प्रयोग आहे, आणि तोही बॅट्सन यांचाच, १९८१ चा. एका तरुणीला विजेचे धक्के बसताना लोकांना दाखवलं (धक्के खरे नव्हते, पाहणाऱ्यांना ते माहीत नव्हतं). काहींना थोडं पाहून उठून जायची मुभा होती. मदत फक्त स्वतःची अस्वस्थता घालवण्यासाठी असेल तर हे लोक निघून जायला हवेत. ज्यांना तिच्याबद्दल फारशी कणव वाटली नाही त्यांच्यातले बहुतेक गेलेही. पण ज्यांना आतून कळवळा आला त्यांच्यातल्या बहुतेकांनी, वाट मोकळी असताना, "उरलेले धक्के मला द्या" असं सांगितलं. परोपकार खोटा नसतो. तो कुठे खरा आहे आणि कुठे त्याच्या नावावर दुसरंच काही चाललं आहे, हे ओळखण्यापुरत्या या चाचण्या आहेत.

घरी करून बघायचं असेल तर महिनाभर पुरे. वहीच्या पानावर तीन रकाने आखा : काय केलं, मी कोणाला काय कारण सांगितलं, आणि कोणता बदल केला असता तर हे केलं नसतं. आठवड्यातून तीनच नोंदी, पण त्याच रात्री, कारण दोन दिवसांत प्रवक्ता गोष्ट नीटनेटकी करून टाकतो. पैसे, आजारपण, मुलांचे मार्क आणि बैठकीत मांडलेली मतं, या चार ठिकाणच्या नोंदी सर्वांत बोलक्या निघतात. तिसरा रकाना सुरुवातीला कोरा राहतो. तो कोरा सोडा, तिथे काहीतरी चांगलंसं भरू नका.

सोसायटीत वॉचमनच्या मुलीच्या फीसाठी वर्गणी काढायची असेल तर एका वर्षी यादीत नावं आणि रकमा लावा, पुढच्या वर्षी नुसती नावं. एकूण रक्कम घसरली तर घसरलेला भाग कशाचा होता हे कळेल, आणि मुलीची फी भरायची असल्यामुळे तिसऱ्या वर्षी रकमा परत लावाव्यात.